डावी बाजू

कोल्हापूर
रविवार, १६ नोव्हेंबर

नेसरीच्या पावण्यांना,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. उचलला तरी अर्ध्यावर तोडता. कागदाचं तसं नसतं. फाडलात तरी तुकडे जुळवून वाचाल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. नेसरी गाडीवर सध्या मोना कंडक्टर आहे, माझ्या हाताखाली शिकलेली. पाकीट तिच्याकडं देते. ती स्टँडसमोरच्या चहावाल्याकडं ठेवील.

मे महिन्यात जाताना तुम्ही म्हणालात, "दोन वर्सं तुज्या रिटायरमेंटची वाट बघिटली, आनि आता तू शाळेच्या गाडीवर चाललीस?" व्हय, चालले. नेसरीला दोन खोल्या बांधायच्या, परड्यात भाजी लावायची, म्हैस घ्यायची, हे सगळं तुम्ही ठरवलंत. वाईट नाही ठरवलंत. फक्त ठरवताना मी शेजारी बसून मेथी निवडत होते आणि मला कुणी विचारलं नाही. चोवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली मी. तीस एप्रिलला हार घालून घरी पाठवलं आणि एक मेपासून माझे गुडघे दुखायला लागले. जूनमध्ये शाळेच्या बसवर मावशी म्हणून लागले, तर दुखायचे राहिले. आता डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत.

काम जमतंय. सकाळी गोकुळ शिरगावपासून आतल्या गावांतून फिरत कागलकडच्या शाळेत पोरं पोचवायची, दुपारी परत आणायची. ड्रायव्हर कोण आहे ते तुम्हाला कळलं असेलच. आपले भाऊसो. तुमच्याबरोबर आगारात ड्रायव्हर म्हणून लागले, तुमच्या मागोमाग रिटायर झाले. गाडी हळू चालवतात. एसटीतल्या सवयीनं दर वळणाला मला विचारतात, "वैनी, डावी बाजू?" मी म्हणते, "मोकळी." आता पोरंही माझ्याबरोबर ओरडतात. बाकी काही विशेष नाही. मागच्या आठवड्यात एक दूधवाला अंगावर आला आणि डावा आरसा फुटला. लागलं कुणाला नाही.

सम्राटचा पुण्याहून फोन येतो. म्हणतो, आई, या वयात तुम्ही दोघं काय लावलंय. मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार.

संयोगिता


कोल्हापूर
रविवार, ३० नोव्हेंबर

पत्र त्याच दिवशी नेलंत, असं मोना सांगत होती. म्हणजे वाचलंत. उत्तर नाही म्हणजे राग तसाच आहे. असू दे. पण आता जे लिहिते ते राग बाजूला ठेवून वाचा, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की दूधवाला अंगावर आला. तो नाही आला. तो कडेनं सरळ चालला होता, आम्ही त्याच्या अंगावर गेलो. डाव्या आरशानं त्याची घागर उडवली. तो शिव्या देत राहिला आणि भाऊसो विचारत राहिले, "कुटनं आला ह्यो?"

तेव्हाच मला शंका आली. मग मी बघायला लागले. ते मान अख्खी फिरवून बघतात. पायरीवर पोर चढलं की नाही ते मला दोनदा विचारतात. पैसे खाली पडले तर हातानं चाचपतात. मागच्या सोमवारी पोरं उतरल्यावर मी विचारलंच.

"भावजी, खरं सांगा. दिसतंय न्हवं?"

फडक्यानं स्टेअरिंग पुसत राहिले. मग म्हणाले, "डाव्या डोळ्यात काचबिंदू हाय. गेला त्यो. उजव्याचं कडंचं कमी झालंय. समोरचं ब्येस दिसतंय."

"शाळेत डोळ्यांचा दाखला कसा दिलात?"

"दिला."

पुढं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "वैनी, घरात बसलो तर घर खायला उठतंय. पारू कामाला जाती. मी भिताडाकडं बघत बसू? स्टेअरिंगवर हाय तवर भाऊसो हाय. खाली उतारल्यावर कोन?" आणि मग, "तुमी डावीकडं बघा, मी म्होरं बघतो. एसटीत तरी काय येगळं हुतं?"

मी काही बोलले नाही. न बोलणं म्हणजे होकारच की. त्या दिवसापासून मी बसमध्ये बसतच नाही. दारात उभी असते, दांडा धरून, आणि माझी नजर डावीकडून हलत नाही. रात्री डोळे मिटले तरी उसाच्या कडा पळताना दिसतात.

तुम्ही असता तर काय केलं असतंत?

संयोगिता


कोल्हापूर
रविवार, ७ डिसेंबर

तुमची चिठ्ठी मिळाली. सहा महिन्यांनंतर दोन शब्द. "तू उतर."

मी उतरले तर काय होईल ते बघा. दुसरी कुणी बाई येईल. तिला काही ठाऊक नसेल. ती पोरांना डबे देत मागं बसेल, आणि भाऊसो विचारतील, "डावी बाजू?" तेव्हा ती म्हणेल, "काय म्हनालासा?" मी आहे म्हणून गाडी रस्त्यावर आहे. आता तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर उतर. मलाही ते कळतं. कळतं म्हणून तर झोप येत नाही.

मग शाळेला सांग, म्हणाल. गाड्यांचं बघणारे विश्वजितसर आहेत, तरुण आहेत, बोलायला बरे आहेत. दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले. दोन्ही वेळा पोरांची यादी मागून परत आले.

का ते सांगू? रागावू नका. आपल्यात हे कधी बोललं गेलं नाही, आता बोलते. शेवटची दोन वर्षं तुम्हाला गाडीवरून काढलं आणि आगाराच्या गेटवर बसवलं, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. का काढलं ते तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. कुणीतरी तक्रार केली असणार, एवढं मी समजले. निरोप समारंभाला तुम्ही गेला नाहीत. माझी ड्यूटी असली की तुमच्याच गेटमधून माझी गाडी बाहेर पडायची, आणि तुम्ही माझ्याकडं न बघता नंबर लिहायचात. घरी आल्यावर भाकरी मोडायचा आवाज तेवढा यायचा. त्या दोन वर्षांत मी एका माणसाबरोबर राहिले असं मला वाटत नाही. भाऊसोंना तसं करायला माझा हात उठत नाही.

तुम्ही या. तुमचं ऐकतील ते. मी सांगितलं तर चहाडी होईल, तुम्ही सांगितलं तर मित्राचं सांगणं होईल. एका दिवसासाठी या. घरी नाही आलात तरी चालेल.

संयोगिता


कोल्हापूर
शुक्रवार, १२ डिसेंबर

घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घ्या.

आज सकाळी धुकं होतं. उसाचा हंगाम जोरात आहे. ट्रॅक्टर शेताच्या वाटेनं सरळ रस्त्यावर घुसतात, मागच्या ट्रॉल्यांना दिवा नाही, काही नाही, तुम्हाला काय सांगायचं. बस भरत आली होती. सीनिअर केजीतली दीप्ती आहे, पुढच्या सीटवर बसते. तिच्या बुटाचा बंद सुटला होता. "मावशी, बांध की," म्हणाली. मी वाकले. एवढंच. बंद बांधायला किती वेळ लागतो?

"वैनी, डावी बाजू?"

मला ऐकू आलंच नाही. पोरांनी ऐकलं. त्यांना सवय झालेली. सगळी एकदम ओरडली, "मोकळी!"

मी मान वर केली तर काचेत ट्रॅक्टरचं तोंड. "थांबा" म्हणाले की नुसती किंचाळले, आठवत नाही. भाऊसोंनी ब्रेक दाबला. गाडी आडवी सरकली आणि ट्रॅक्टरपासून हातभर अंतरावर थांबली. ट्रॉलीतल्या मोळ्यांची टोकं काचेला घासली. मग दीप्ती रडली. समोरच्या दांड्यावर तोंड आपटलं होतं. ओठ फाटला, शर्टभर रक्त.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "आंधळा हाईस काय रं?" भाऊसो समोर बघत बसले होते. दोन्ही हात स्टेअरिंगवर.

शाळेत विश्वजितसर धावत आले. काय झालं, विचारलं. मी म्हणाले, "कुत्रं आडवं आलं."

माझ्या तोंडून कसं गेलं ते मला कळलं नाही. पण गेलं. आणि दीप्ती माझ्या कडेवर होती, ओठाला माझाच रुमाल लावलेला. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "कुत्रं कुठं होतं, मावशी?"

सरांनी ऐकलं नसावं. मी ऐकलं.

दोन टाके पडले. तिची आई तेजस्वी दवाखान्यात आली आणि माझाच हात धरून म्हणाली, "तुम्ही होता म्हणून बरं." दुपारची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली. भाऊसोंना घरी पाठवलं, छातीत धडधडतंय म्हणून. सोमवारी परत येतो, म्हणालेत.

शनिवार, रविवार सुट्टी आहे. पत्र उद्याच्या पहिल्या गाडीनं मोनाकडं देते. तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तर माझं मला बघायला पाहिजे.

सं.


कोल्हापूर
सोमवार, १५ डिसेंबर

तुम्ही आला नाहीत. काल रात्रीपर्यंत प्रत्येक गाडीचा अंदाज घेत होते.

आज पहाटे गाडी लागते त्या मैदानात मी आधी जाऊन उभी राहिले. भाऊसो आले. काच पुसली, उदबत्ती लावली. मी म्हणाले, "भावजी, आज गाडी हलायची न्हाय. सरांना तुमी फोन करा, न्हायतर मी करते."

"पोरगीचा व्हट फुटला म्हनून एवडं? एसटीत काय कमी फुटलं?"

"एसटीत तुमाला दिसत हुतं."

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. केबिनमध्ये चढले, दार ओढलं, इंजिन चालू केलं. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. हेडलाइट तोंडावर. धुक्यात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आकार.

"वैनी, बाजूला व्हा."

"न्हाय व्हणार."

गिअर पडल्याचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. गाडी वीतभर पुढं आली आणि थांबली. हा माणूस दिवाळीला आपल्या घरी करंज्या खायला येतो, आणि मला खरंच कळत नव्हतं, तो मला घाबरवतोय की मी त्याला नीट दिसतच नाही.

मग मी बाजूला झाले. का झाले ते सांगता येणार नाही, ठरवलं नव्हतं. गाडीच्या डावीकडं सरकले, चप्पल तिथंच सोडली आणि मातीतून आवाज न करता पोरांच्या दाराजवळ, काचेला हात लागेल इतक्या जवळ जाऊन उभी राहिले. ते समोर बघत होते. मी हटले असं त्यांना वाटलं असणार. पण पाय क्लचवरून सुटत नव्हता. त्यांनी मान फिरवली. उजवीकडं बघितलं, मग डावीकडं. नजर माझ्यावरून गेली आणि तशीच पुढं गेली.

"वैनी?"

मी गप्प.

"वैनी, कुटं हाईसा तुमी?" आवाज बदलला होता. "वैनी, बोला की. गाडीखाली न्हाईसा न्हवं?"

"हितं हाय," मी म्हणाले आणि काचेवर बोट वाजवलं.

ते दचकले. मान माझ्या दिशेनं वळवली. मग इंजिन बंद झालं. खाली उतरले, चावी माझ्या हातात दिली आणि मैदानातून चालत गेले. फाटकाचा खांब चाचपून बाहेर पडले. मी हाक मारली, वळले नाहीत.

सरांना फोन करून मी सगळं सांगितलं. डोळ्याचं, आरशाचं, नसलेल्या कुत्र्याचं. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही शुक्रवारीच हे सांगायला हवं होतं." मी म्हणाले, "व्हय." ते म्हणाले, "उद्यापासून तुम्हीही येऊ नका." त्यालाही मी व्हय म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

संध्याकाळी तेजस्वी घरी आली. भांडेल असं वाटलं होतं. ती दारातच उभी राहून म्हणाली, "तुमच्या भरवशावर मी तिला पायरीवर चढवत होते." चहा विचारला, नको म्हणाली आणि गेली.

आता घरात मी एकटी आहे आणि कुणाला काही सांगायचं शिल्लक नाही. तुम्हाला सोडून.

संयोगिता


कोल्हापूर
रविवार, २१ डिसेंबर

अहो,

शुक्रवारी दुपारी दार वाजलं तेव्हा मला वाटलं, पुन्हा कुणी पालक आला. तुम्ही होता. पाय धुतलेत, जेवलात, ताट धुऊन ठेवलंत, "भाऊसोकडं जाऊन आलोय," एवढं म्हणालात आणि पाचच्या गाडीनं गेलात. मी ओट्याकडं तोंड करून उभी होते. आदल्या शुक्रवारपासून सोमवारपर्यंत तुमची वाट बघितली होती, आता येऊन काय उपयोग, असं मनात होतं. ते तोंडावर बोलले नाही म्हणजे मी फार सोसलं, असंही वाटलं.

काल भाऊसोंची पारूबाई आली. सोमवारपासून ती नळावर मला पाठ दाखवत होती. काल आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"अक्का, चार दीस ह्यांनी अन्न घेटलं न्हवतं," म्हणाली. "दादा आले आनि जवळ बसले. कायबी समजूत काढली न्हाय. आपलंच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"आंबोलीच्या घाटातलं की. शुगर कमी झाली आनि डोळ्याम्होरं अंधारी आली. गाडी भरलेली. कशीबशी कडंला घेटली, पाशिंजरास्नी म्हनाले, टायर बघतो. खाली उतरून मागच्या चाकाला टेकून बसले, खिशातली साखर खाल्ली. गाडी आनली, लावली. आनि दुसऱ्या दिशी सोताच सायबाम्होरं हुबं ऱ्हायले. मला गाडी देऊ नगासा, म्हनाले. सायेब म्हनत हुता, दोन वर्सं ऱ्हायल्यात, ढकला की. दादा ऐकले न्हाईत." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमाला ठावं असंल की हे."

मी म्हणाले, "व्हय." खोटं बोलले.

मला ठाऊक नव्हतं. मी धरून चालले होते की तुम्हाला उतरवलं. त्या साहेबाला मी मनातून किती शिव्या दिल्या असतील. त्यानं उतरवलं नव्हतं. तुम्ही उतरला होता.

मला का नाही सांगितलंत? रागावून विचारत नाही, असं लिहिणार होते, पण रागावलेच आहे. रोज एका ताटात जेवलो आपण. मी घाबरेन असं वाटलं? की सांगितलं असतंत तर ते खरं झालं असतं? गेटवर तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता, मला वाटायचं माझ्या चालू नोकरीचा राग येतो. आता वाटतं, तुम्हाला कुणी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाहीत. मी मेथी निवडत होते तेव्हा नेसरीच्या खोल्या ठरवल्यात, तसंच हेही एकट्यानंच.

शुक्रवारी मला हे ठाऊक असतं, तर मी तुमच्या समोर बसले असते.

पारूबाई जाताना म्हणाली, भाऊसोंना तुम्ही नेसरीला बोलावलंय. चार दिवस शेतावर राहू दे म्हणालात. त्यांना एकटं पाठवायला ती भिते. मी घेऊन येते त्यांना, पुढच्या महिन्यात. राहायला येत नाही, आधीच सांगते. भाऊसोंना पोचवायला येते. आणि तुमच्याशी भांडायला.

संयोगिता


कोल्हापूर
रविवार, ११ जानेवारी

अहो,

भाऊसो आणि मी सुखरूप पोचलो. फोनवर सांगता आलं असतं, आता तुम्ही उचलताही, पण लिहायची सवय लागली.

चार दिवसांत भांडून झालं नाही सगळं. थोडं राहिलंय. एक मात्र सांगते, रात्री चुलीपुढं तुम्ही घाटातलं स्वतःच्या तोंडानं सांगितलंत तेव्हा मी मध्ये एक शब्द बोलले नाही, ते राग म्हणून नव्हे. तुम्ही सांगत होता तेव्हा तुमचा उजवा हात स्टेअरिंग धरल्यासारखा हवेत होता. ते बघत होते.

नोकरीचं म्हणाल तर मी शोधतेय. एका मुलींच्या वसतिगृहात बाई पाहिजे आहे, बुधवारी बोलावलंय. तिथं मी शाळेतलं सगळं आधी सांगणार, मग घ्यायचं तर घेऊ देत. तुम्ही म्हणालात, "हुडक. पर मला सांगून हुडक." म्हणून सांगतेय. मिळालं तर महिन्यातले चार दिवस नेसरीला, न मिळालं तरी चारच. म्हशीचं तुमचं तुम्ही बघा. आणि मधूनमधून तुम्ही इकडं या. खोल्या तिथं दोन असतील, इथंही दोन आहेत.

भाऊसोंना येताना मी खिडकी दिली. गडहिंग्लजपर्यंत त्यांचा उजवा पाय पत्र्यावर दाबत होता. समोरून ट्रक आला की ब्रेक, वळण आलं की ब्रेक. ड्रायव्हर तरणा होता. "क्लच जाळतोय ह्यो," पुटपुटले. दोनदा अर्धे उठले. मैदानातल्या त्या सकाळबद्दल आम्ही दोघंही अजून बोललेलो नाही. कदाचित बोलणारही नाही. मला त्यांनी माफ केलंय की नाही, ठाऊक नाही. तिकिटाचे सुटे पैसे मात्र माझ्या हातावर मोजून दिले, कंडक्टरला देतात तसे.

संकेश्वरला गाडी थांबली तेव्हा पाणी प्यायले. निपाणी मागं पडली आणि त्यांची पुटपुट थांबली. मी बघितलं तर मान काचेला टेकलेली, तोंड थोडं उघडं, पाय सैल पडलेला. भाऊसो झोपले होते. चालत्या गाडीत झोपलेले भाऊसो मी आजवर बघितले नव्हते. कागलच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली तरी जाग आली नाही. स्टँडात गाडी लागली, सगळे उतरले, ड्रायव्हरही उतरला, तरी मी त्यांना थोडा वेळ उठवलं नाही.

तुमची
संयोगिता